पाण्यातल्या घोरपडीचा पंचनामा

अन्याय माझ्या मोठ्या बहिणीवर झाला. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, सकाळी अकरा वाजता. बाहेर तांड्यातली पोरं लाकडी बैल ओढत घरोघर फिरत होती, आमची याडी, म्हणजे आई, त्यांना खाऊ द्यायला दारात उभी होती आणि आत ताईच्या फोनवर पुण्याच्या कंपनीचा मेसेज आला. गेम रद्द करत आहोत. सगळ्यांचे मनापासून आभार. सर्वांचे लॉगिन संध्याकाळी बंद होतील.

लॉगिन दुपारीच बंद झाले. ताई तेव्हा ताटावर होती. हात धुऊन खोलीत गेली तोवर दोन वर्षांचं काम कुलपात गेलं होतं.

मी पत्रकं लिहिणारी आहे. संघटनेत माझं कामच ते. अन्याय कोणावर झाला, कधी झाला, कोणी केला आणि वाचणाऱ्यानं आता काय करायचं, एवढं एका पानात बसवायचं. म्हणून हेही तसंच सुरू केलं. पण हे पत्रकात मावत नाही. मी बसवून पाहिलं आहे.

गेमचं नाव लिहीत नाही. गुप्ततेच्या करारावर सही ताईनं केली, मी नाही, तरी निस्तरावं तिलाच लागेल. गेम मोबाइलवरचा होता. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा समुद्र, आणि खेळणारा माणूस म्हणजे त्यातलं शिकारी जनावर. सुरुवातीला हातभर असायचं. बारके मासे खात मोठं व्हायचं, आपल्याहून मोठ्यापासून पळायचं, आणि शेवटी इतकं वाढायचं की सगळे आपल्यापासून पळतील. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हटलं, ही तर सरळ भांडवलशाही आहे. ताई म्हणाली, "अवं, मासे हायेत ते. जेवू दे ना त्याईले."

(घरात आम्ही गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत, बोलतो. इथं वऱ्हाडीत लिहिते, कारण तुम्हाला समजायला पाहिजे.)

खेळणारा शेवटी जे होतो ते त्या समुद्रातलं सगळ्यात मोठं जनावर, मोसासॉर, ताईनं चालतं केलं. चित्र दुसऱ्या कोणी काढलं होतं. ते हलायचं कसं, मान कधी वळते, शेपटी कुठून सुरू होते, भूक लागल्यावर ते कसं वळतं आणि भ्यायल्यावर कसं, हे सगळं तिचं. पुसदच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकली, पुढचं घरी बसून शिकली, आणि सोयाबीनची पोती ठेवतो त्या खोलीत टेबल टाकून कामाला लागली. समुद्र तिनं पाहिलेला नाही. मीही नाही. आमच्याकडचं मोठं पाणी म्हणजे इसापूरचं धरण.

मोसासॉर नात्यानं घोरपडीच्या जवळचा, हे तिनं कुठंतरी वाचलं. मग घोरपड कशी चालते ते टिपायला उन्हाळाभर ती आमच्या बांधावर फोन धरून पालथी पडून राहिली. बाबांच्या जिवाला घोर लागला.

"अवं पोरी, लोकं इचारून राह्यले, तुमची पोरगी वावरात पालथी काहून पडली? काय सांगू त्याईले?"

"सांगा, ऑफिसात गेली."

एक दिवस घोरपड कॅनॉलमध्ये उतरली. पाय अंगाला चिकटवले आणि नुसत्या शेपटीच्या जोरावर पाणी कापत निघून गेली. ताई पळत घरी आली, अंगभर चिखल, आणि जेवायची शुद्ध नाही. त्या आठवड्यात तिचं जनावर पहिल्यांदा पोहायला लागलं. तोवर ते पाण्यात टाकलेल्या गोणपाटासारखं चालायचं, हे तिचेच शब्द.

नंतर गेम चाचणीसाठी सगळ्यांना खुला झाला. अख्ख्या तांड्यानं उतरवून घेतला. मोसासॉर हे नाव कोणाच्या तोंडात बसेना, म्हणून पाण्यातली घोरपड. पाराजवळ म्हातारी माणसंसुद्धा बोलायला लागली, "माही घोरपड आज शार्काले लोळवून आली." बाबा खेळले नाहीत. त्यांच्या मते जे काम दिवसभर बसून होतं ते काम नसतं. पण कोणी विचारलं तर सांगायचे, "समुद्राच्या खात्यात हाये पोरगी."

आणि मग तान्हा पोळा. फोनवरच्या ॲपच्या दुकानातून गेम काढला. ज्यांच्या फोनात होता तिथं उघडला की तो इंटरनेटवर विचारायला जायचा, आणि पांढरी पाटी यायची, सेवा बंद.

मला वाटलं, ताई रडेल. ती रडली नाही. तिनं दुसऱ्या कामासाठी अर्ज केले. हैदराबादच्या एका कंपनीतल्या बाईंचा फोन आला. चांगल्या बोलत होत्या, हिंदीत. केलेलं काम पाठव म्हणाल्या. ताई म्हणाली, पाठवता येत नाही, करार आहे. मग जुन्या कंपनीचं पत्र पाठव, त्या म्हणाल्या. जुन्या कंपनीला लिहिलेला प्रत्येक मेल तसाच परत येत होता. कंपनीच गुंडाळली होती, तिथं माणूसच उरला नव्हता. तरी बाईंनी फोन ठेवला नाही. म्हणाल्या, जागा दिवाळीनंतर भरणार आहोत. तू हे काम केलंस आणि ते कोणीतरी डोळ्यांनी पाहिलंय, एवढं मला कोणाकडून तरी कळव.

हाच सगळा पेच. तिनं दोन वर्षं काम केलं आणि दाखवायला हातात काहीच नाही. एका लग्नात मावशी सगळ्यांसमोर म्हणाली, "दोन वर्षं मोबाइल खेळली पोरगी, आता तरी काही काम शिकव तिले." याडी हसली. तिनं हसायला नको होतं, पण उत्तर तरी कुठून आणणार?

मी माझं हत्यार काढलं. एका दुपारी पत्रक लिहून ताईला वाचून दाखवलं. 'आपल्या जिल्ह्याच्या प्राचीन समुद्राच्या वारशावर घाला!' असं शीर्षक होतं.

"कोणता समुद्र?" तिनं विचारलं.

"राजूरचा. तिथल्या भट्ट्यांत भाजतात ती चुनखडी समुद्राच्या तळाची आहे, तूच सांगितलं होतं."

"अवं, तो लई जुना. त्यात जनावर नव्हतंच. नुसती शेवाळी होती. खोडून टाक ते."

मी खोडलं. पुढं 'धिक्कार असो' होतं.

"कोणाचा धिक्कार? जिनं मेसेज पाठवला ना, तिचीबी नोकरी त्याच दिवशी गेली. तिनं रडत रडत टाइप केला असन."

"मग मालकाचा."

"मालकाले गेम बुडाला म्हणून रडू आलं असन. तू मले एक सांग, तुह्या पत्रकातून मले काय भेटते?"

मी कागदाची घडी घातली. दाराशी बाबा कापसाच्या फवाऱ्याचा पंप दुरुस्त करत बसले होते. ते मान वर न करता बोलले, "जे पिकते त्याचं नुकसान होते. जे बाजारात आलंच नाई, त्याचा पंचनामा कायचा करता?"

मी म्हटलं, "बाबा, उभं पीक पाण्यात बुडते, ते कुठी बाजारात गेलं असते? तरी पंचनामा होतेच ना?"

बाबांनी पंप खाली ठेवला. "होते," ते म्हणाले. मला वाटतं, त्या क्षणी पहिल्यांदा त्यांनी ताईच्या खोलीकडं वावर, म्हणजे शेत, म्हणून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पंचनामा केला. हसू नका. आमच्याकडं नुकसान झालं की दुसरी पद्धत नाही. माणसं जमतात, समक्ष पाहतात, लिहितात, सह्या करतात. तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख, आले, चार वडीलधारे आले. प्रश्न हा की पाहायचं काय? ताईच्या कॉम्प्युटरवर जे होतं ते करारात बांधलेलं, आणि सगळ्यांच्या फोनात पांढरी पाटी.

तेव्हा आमचा चुलत काका म्हणाला, "माह्या फोनात तर चालते."

काकाचा रिचार्ज संपून कितीतरी दिवस झाले होते. तो फोन टॉर्च आणि गाणी यांच्यासाठीच वापरतो, यावरून त्याची रोज टिंगल होते. इंटरनेट नाही, म्हणून त्याचा गेम कोणाला विचारायला गेलाच नव्हता. आपण बंद पडलोय हे त्याला अजून कोणी सांगितलं नव्हतं. ताईनं पुढं होऊन आधी फोनचं वायफाय बंद आहे ना ते तपासलं. हे तर चाचणीत सगळ्या जगाला उघडं होतं, त्यामुळं करार मोडायचाही प्रश्न नव्हता.

निळं पाणी उघडलं. जनावर तरंगत होतं.

"वळव तिले," नायक म्हणाले.

काकानं बोट फिरवलं. आधी मान वळली, मग खांदे, मग ते लांबलचक अंग, आणि सगळ्यात शेवटी शेपटी, जरा उशिरानं, जशी आळसावलेली. बाबा उकिडवे बसून पाहत होते.

"थांब. पुन्हा वळव." आणि मग, "हे तर आपल्या कॅनॉलातली हाये. त्या दिवशी मी पोरीले वरडलो होतो, उन्हात कायले पडली म्हणून."

ताई दाराला टेकून उभी होती. तिला मी इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. तिनं सांगितलं की घोरपड जमिनीवर पाय टाकते तेव्हा कणा कसा वळतो, तोच वळसा तिनं पाण्यात कसा घेतला, जीभ बाहेर काढायची की नाही यावर कंपनीत कसं भांडण झालं. म्हातारे ऐकत होते, मधूनच शंका काढत होते. "मंग हे बिळात जाते का?" "समुद्रात बीळ कुठी असते बे!" नायकांनी गप्प बसवलं आणि मला लिहायला लावलं.

"काम करणारीचं नाव लिवलं? जागा लिवली? बरं. क्षेत्र किती?"

"नायक, समुद्र आहे तो."

त्यांनी विचार केला. "लिव, मोजता आलं नाई."

सह्या झाल्या, दोघांचे अंगठे झाले. मी खाली हिंदीत भाषांतर केलं आणि ताईनं फोटो काढून हैदराबादला पाठवलं. त्या दिवशी घरात सणासारखं जेवण झालं.

उत्तर दोन दिवसांनी आलं. बाईंनी मनापासून लिहिलं होतं की असा कागद त्यांनी आयुष्यात पाहिला नाही. पण पुढं लिहिलं होतं, सह्या करणाऱ्या सगळ्यांचं आडनाव एकच आहे आणि ते तुझंही आहे. हे तुझ्या घरचे लोक दिसतात. बाहेरचं कोणी नाही का?

आमचा तांडा सगळा एका आडनावाचा. आम्हाला त्यात काही वावगं दिसलं नाही, कारण आम्ही एकमेकांना आडनावानं ओळखतच नाही. सरकारी पंचनाम्यातसुद्धा सगेसोयरे पंच चालत नाहीत, हे संघटनेत मी दुसऱ्यांना शिकवते.

"मंग सोयरे आणू," बाबा म्हणाले. "त्याईचं आडनाव दुसरं असते."

"सोयरेबी घरचेच, बाबा."

"मंग बाहेरच्याले काय घेणं पडलं हो आपलं?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. मी आजवर ज्यांच्यासाठी पत्रकं लिहिली त्यांचं नुकसान दिसायचं. पडलेली भिंत दिसते, वाहून गेलेला रस्ता दिसतो, आपण बोट दाखवून म्हणू शकतो, हे पाहा. ताईचं जे गेलं ते असं की ज्या दिवशी गेलं त्याच दिवशी ते कधीकाळी होतं याचीही खूण पुसली गेली. अशी माणसं आता किती असतील? तुमच्या गावातही एखाद्या खोलीत एखादी बसली असेल, कुठल्या तरी शहरातल्या कोणाच्या तरी कामाचा एक तुकडा करत, आणि बाहेर लोक म्हणत असतील, मोबाइल खेळते. तिच्या कामाला साक्षीदार एकच असतो. जो ते वापरतो तो. आणि त्याला माहीतच नसतं की आपण साक्षीदार आहोत.

चाचणीच्या दिवसांत मी यवतमाळहून पुसदला येत होते. एसटीत शेजारच्या सीटवर एक अनोळखी मुलगी तो गेम खेळत होती. तिचं जनावर मोठ्या माशामागं लागलं होतं, आणि ते वळायचं तेव्हा ती स्वतःही सीटवर जराशी वळायची. ती दिग्रसला उतरून गेली. मी तिला नाव विचारलं नाही. तेव्हा वाटलं, विचारायचं काय त्यात.

काकाचा फोन अजून चालतो. आम्ही कोणी त्याला रिचार्ज मारू देत नाही. पण तेवढ्यानं भागत नाही.

म्हणून हे तुमच्यासाठी आहे, जे तांड्याचे नाहीत, आमच्या आडनावाचे नाहीत, आमचे कोणीही लागत नाहीत. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रात शिकारी होऊन फिरायचा तो गेम तुम्ही चाचणीत खेळला असाल, तर पंच व्हा. एका कागदावर तुमचं नाव लिहा, गाव लिहा, आणि ते सगळ्यात मोठं जनावर वळताना तुम्ही काय पाहिलं ते तुमच्या शब्दांत लिहा. खाली सही करा. ज्यांनी हा मजकूर छापला त्यांच्याकडं पाठवा, ते आमच्यापर्यंत पोचवतील. दिवाळीच्या आत पाठवा, नंतर त्याचा उपयोग नाही. उद्या लिहू म्हणू नका. कागद घ्या.