वर नाव बरोबर होतं

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वडील इगतपुरीला रेल्वेच्या लायनीवर गँगमन, आई भाताच्या लावणीला दुसऱ्याच्या शेतात. आणि मी बी.एस्सी. होऊन नाशकात, द्वारका चौकाजवळच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात, पंख्याखाली कॉम्प्युटरवर बसत होतो. त्या वेळी मला याची फार घमेंड होती. काम चुकणारी माणसं म्हणजे न शिकलेली, असा माझा सरळ हिशोब होता.

काम पर्ल नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेतलं होतं. वेबसाइटी पर्लमध्ये लिहायचो आम्ही. मालक आणि मी, मिळून दोनच माणसं. नवी गिऱ्हाइकं दुसऱ्या भाषा मागायला लागली होती, आणि मी जुन्या गिऱ्हाइकांची जुनी पानं ठिगळं लावून चालवत होतो. कंटाळा असा की सकाळी खुर्चीत बसतानाच पाठ दुखायची.

त्यातलं एक गिऱ्हाईक नामपूरचं. तिथल्या काही कांदा व्यापाऱ्यांनी मिळून एक खोली घेतली होती, त्यात एक कॉम्प्युटर आणि एक ऑपरेटर ताई. व्यापाऱ्यांना माल भरायला ट्रक लागायचे आणि ट्रक द्वारकेच्या ट्रान्सपोर्टवाल्यांकडे. पूर्वी दिवसभर फोनाफोनी चालायची. आम्ही साइट करून दिली. ज्याला गाडी पाहिजे त्याच्या नावाने मागणी टाकायची, इकडे ट्रान्सपोर्टवाला ती बघून गाडी पाठवणार. व्यापारी स्वतः काही कीबोर्डला हात लावत नसत. प्रत्येकाचा पासवर्ड ताईच्या वहीत. ती एकाच्या नावाने आत जायची, मागणी टाकायची, बाहेर यायची, मग दुसऱ्याच्या नावाने आत.

साइट चालत होती, पण फार हळू. कारण जुन्या पद्धतीत प्रत्येक क्लिकला प्रोग्राम नव्याने उठायचा, काम करायचा आणि मरायचा. मालक म्हणाले, "इंजिनियर, नवीन सर्व्हरवर टाक सगळं. मॉड-पर्ल घाल. पळायला पाहिजे." मॉड-पर्लमध्ये प्रोग्राम मरत नाही. सर्व्हरच्या पोटात त्याच्या सात-आठ प्रती बसून राहतात आणि येईल त्याचं काम करतात. म्हणून वेग.

हा बदल करायला मी अमावास्या निवडली. अमावास्येला कांद्याचे लिलाव बंद, व्यापारी घरी, साइटवर चिटपाखरू नाही. निवांत काम होईल. आमच्याकडे सगळेच असं करायचे. गोदामाची दुरुस्ती, वजनकाट्याची सफाई, सगळं अमावास्येवर ढकलायचं. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

दिवस नुसता भांडण्यात गेला. नव्या आवृत्तीत मॉड्यूलांची नावं बदललेली. गल्लीचं नाव महापालिकेने बदलावं आणि पोस्टमनला कुणी सांगू नये, तसं. एक सुधारलं की दुसरं बोंबलायचं. सर्व्हरच्या लॉगमध्ये शेकडो इशारे. पहिले पन्नास वाचले, सगळे तेच ते, नावाचे. मग वाचणं सोडलं. दुपारी चारला साइट उठली. मी माझ्या चाचणीच्या नावाने आत गेलो, मागण्या टाकल्या, पुसल्या, पुन्हा टाकल्या. सगळं चोख. सर्व्हर एकदा बंद करून चालू केला आणि मालकांना म्हणालो, "झालं. पळतंय."

दुसऱ्या दिवशी साडेअकराला ताईचा फोन.

"सर, काहीतरी गडबड शे. मी एकाची गाडी टाकते, ती आबांच्या नावावर पडते."

आबा म्हणजे तिथले सगळ्यात जुने व्यापारी.

"आबांचं लॉगआउट केलं नसेल तुम्ही."

"केलं ना. दोनदा केलं. वर नाव बरोबर होतं."

"वर नाव बरोबर असेल तर नोंद चुकीची पडूच शकत नाही. नीट बघून करत जा, ताई."

तिला सेशन म्हणजे काय ते समजावण्याचा पेशन्स माझ्यात नव्हता. सर्व्हरला माणसाचा चेहरा आठवत नाही, म्हणून आत येणाऱ्याला तो एक बिल्ला देतो आणि दर क्लिकला बिल्ला बघून ओळखतो. तेच सेशन. पानावर वर जे नाव यायचं ते बिल्ल्यावरूनच यायचं आणि नोंदही त्याच बिल्ल्यावरून पडायची. नाव बरोबर आणि नोंद चूक, हे म्हणजे अंग एकाचं आणि सावली दुसऱ्याची. मी ऑफिसातल्या चाचणीच्या सर्व्हरवर माझ्या नावाने पुन्हा तपासून पाहिलं. चोख.

आठवडाभर हेच चाललं. आबांच्या खळ्यावर, म्हणजे कांदा भरायच्या आवारात, न मागितलेल्या गाड्या उभ्या आणि शेजारच्या खळ्यावर भरलेल्या गोण्या उन्हात. एक-दोन गाड्या आबांनी भरूनही टाकल्या. दारात आलेली गाडी कोण परत पाठवतो? मग बोलणं सुरू झालं. ऑपरेटर आबांची माणूस आहे, आबांकडून तिला काहीतरी पोचतं. व्यापाऱ्यांचं काम बघणारे भाऊसाहेब होते, त्यांनी आमच्याकडे लेखी मागितलं, दोष कुणाचा ते. मी कंपनीच्या कागदावर लिहून दिलं, सॉफ्टवेअर निर्दोष आहे, चूक हाताळणाऱ्याची आहे. खाली सही, सहीपुढे पदवी. फॅक्स केला आणि जेवायला गेलो.

चार दिवसांनी भाऊसाहेबांचा फोन. "साहेब, बाई बदलतोय. आमच्या भाच्याची बायको येतीये सोमवारपासून. तिला शिकवायला एक दिवस या."

सटाण्याच्या एसटीने गेलो, तिथून दुसरी गाडी. खोलीवर पोचलो तेव्हा ताई एकटीच होती. फोनवरच्या आवाजावरून मी पोक्त बाई समजत होतो, ही जेमतेम बावीसची. टेबलावर पासवर्डची वही, शिक्के, किल्ल्या, सगळं नीट रचून ठेवलेलं, सोपवायला.

"भाऊसाहेब चहाला गेलेत," ती म्हणाली. "सोमवारची बाई सोमवारीच येईल. तुम्ही उगाच आले."

"मग मी बघतो जरा."

"बघा ना. मी तर पंधरा दिवस झाले सांगतेय, बघा. मालेगावला माझ्या मामांपर्यंत गेलं, पोरगी खाते म्हणून. बारावी झाले मी. घरात पहिली. वडील म्हणतात, शिकवलं ते यासाठी का?"

मी खुर्ची ओढली. "टाका एक मागणी."

तिने वहीतून एकाचं नाव उघडलं, आत गेली. वर नाव आलं, त्याचंच. मी स्वतः वाचलं. तिने मागणी भरली, बटण दाबलं. मग बाहेर येऊन यादी उघडली. मागणी आबांच्या नावावर.

मला वाटलं, माझ्याच नजरेत काहीतरी बिघडलंय.

"आता बोला," ती म्हणाली. "कुठं चुकलं माझं बोट?"

"पुन्हा टाका."

या वेळी दुसऱ्याच्या नावाने टाकली. पुन्हा आबा. मी तिला विचारलं, "सकाळी पहिलं कोणाचं उघडता?"

"आबांचं. रोज. ते सगळ्यांच्या आधी येतात, मोठे आहेत, पहिला मान त्यांचा. त्यांच्या पाच-सहा गाड्या पडल्या की मग बाकीचे."

तेव्हा कुठे डोक्यात उतरलं. न मरणारा प्रोग्राम. वर नाव छापणारा भाग दर वेळी नवा बिल्ला बघत होता. नोंद टाकणारा भाग मात्र वेगळा लिहिलेला, आणि त्याने सकाळी जो पहिला बिल्ला पाहिला तोच मुठीत धरून ठेवला होता. जुन्या पद्धतीत तो दर क्लिकला मरायचा, म्हणून हे कधी कळलं नाही. रोज पहाटे सर्व्हर आपोआप बंद-चालू व्हायचा, आणि सकाळी आबांच्या पाच-सहा गाड्यांत सर्व्हरच्या जवळजवळ सगळ्या प्रतींनी आबांना धरून ठेवलं. उरलेल्या एखाद-दुसरीमुळे मधूनच एखादी नोंद बरोबर पडायची, आणि म्हणूनच लोकांना बाकीच्या मुद्दाम केलेल्या वाटायच्या. अमावास्येला साइटवर पहिलाही मी आणि शेवटचाही मीच, चाचणीच्या सर्व्हरवरही तसंच. एकट्या माणसाला ही चूक दिसणारच नव्हती.

तिथूनच सर्व्हरवर गेलो आणि लॉग उघडला. पहिल्या दिवसापासून तिथे साफ लिहिलेलं होतं, हे व्हेरिएबल सामायिक राहणार नाही, म्हणजे पहिलं धरलेलं तसंच राहील. नोंदीच्या पानापुढे, प्रत्येक प्रतीमागे एकदा. मी वाचणं सोडलं त्याच्या खालीच.

मालकांना फोन लावला. ते म्हणाले, "दुरुस्त कर गुपचूप. सांग, सिस्टीम अपडेट केली. चूक कबूल केलीस ना, तर काम जाईल, आणि तुझ्या सहीने जाईल. कळलं?"

कळलं होतं. वीस-पंचवीस पानं हातानं दुरुस्त करायची होती, त्याला आठवडा लागणार होता. तोवर सर्व्हर जुन्या पद्धतीवर परत नेला, तेवढं दहा मिनिटांत झालं. ताई शेजारी उभी राहून बघत होती.

"झालं?"

"झालं. पण हळू चालेल."

"हळू चालू द्या. कोणाचं होतं मग? माझं का तुमचं?"

मी आयुष्यात परीक्षेत नापास झालो नव्हतो. मला ते वाक्य तोंडातून काढायला वेळ लागला.

"माझं."

तेवढ्यात भाऊसाहेब आले. मी त्यांना प्रती, बिल्ला, मूठ, सगळं सांगत सुटलो. त्यांनी हात वर केला.

"साहेब, ते राहू द्या. चूक कोणाची, तेवढं सांगा."

"माझी."

"मग ते पत्र काय झोपेत दिलं का? भाच्याला शब्द देऊन बसलो मी." ते चिडले होते आणि त्यांचं खरं होतं. "आता तुमचं तोंडी कोण ऐकेल? लोक म्हणतील, पोरीने साहेबाला पण गुंडाळलं."

"लिहून देतो," मी म्हणालो.

कंपनीचा कागद जवळ नव्हता. ताईने न विचारता कोरी फाइल उघडली आणि कीबोर्डवर हात ठेवून माझ्याकडे बघत बसली. मी सांगत गेलो, ती टाइप करत गेली. सॉफ्टवेअरच्या बदलात माझ्याकडून चूक झाली, नोंदी त्यामुळे चुकल्या, ऑपरेटरने पहिल्याच दिवशी कळवलं होतं, मी ऐकलं नाही. 'मी ऐकलं नाही' हे शेवटचं मी सांगितलं नव्हतं. ते तिने घातलं. मी वाचलं आणि राहू दिलं.

तिने प्रिंटरवर तीन प्रती काढल्या. तिन्हींवर माझी सही घेतली. एक भाऊसाहेबांच्या पुढ्यात ठेवली. दुसरी बाहेर, जिथे गाड्यांची यादी लागायची, त्या फळीवर स्वतः टाचणीने लावली, आणि तिच्यासमोर दोन व्यापारी वाचत उभे राहीपर्यंत तिथेच थांबली. भाऊसाहेब बघत होते. मग म्हणाले, "सोमवारचं मी बघतो काय ते. भाच्याच्या बायकोला काय, दुसरीकडे लावता येईल."

तिसरी प्रत तिने घडी घालून पर्समध्ये टाकली.

"ही घरी," ती म्हणाली. "आता उठा सर, खुर्ची द्या. दोन गाड्या राहिल्यात टाकायच्या."

मी उठलो. पान उघडायला अर्धं मिनिट लागत होतं. ती वाट बघत बसली.