गॅरेजमधली फोडणी

तिसऱ्या केमोनंतर चार दिवस पाणीसुद्धा पोटात ठरेना, तेव्हा मी नवऱ्याला सांगून टाकलं, "चौथीला मी येणार नाही." एकूण सहा घ्यायच्या होत्या. तो वाद घालणार म्हणून मी कंबर कसून बसले होते. पण त्यानं मुकाट्यानं गाडी ड्राइव्हवेवर काढली आणि कॅम्पिंगचा गॅस गॅरेजमध्ये मांडला. फ्लॅट बुश या उपनगरातल्या आमच्या नव्या घरात स्वयंपाकघराला भिंतच नाही. मोहरी तडतडली की वास थेट माझ्या उशीपर्यंत. तो थंडीत जॅकेट घालून लॉनमोअरशेजारी फोडणी देई. तरी वास यायचाच आणि मी त्याच्यावरच खेकसायची.

तपासणीच्या वेळी नर्सनं कानाचं अ‍ॅक्युपंक्चर सुचवलं. मी म्हटलं, "बिघडलंय पोट, कान नाही." शेजारी बसलेली लेक म्हणाली, "मम, जस्ट ट्राय इट. प्लीज." तिचा आवाज रडवेला होता, म्हणून पुढचा टोमणा गिळला. डॉक्टरांनी रक्ताचे रिपोर्ट पाहून होकार दिला. उलटीच्या गोळ्या मात्र चालूच ठेवायला सांगितल्या. चौथी केमो मी कबूल केली ती हे सगळं थोतांड आहे, हे दाखवून देण्यासाठी.

चौथ्या केमोच्या सकाळी उपचार करणाऱ्या बाईंनी "किया ओरा" असा माओरी नमस्कार करत कानात केसासारख्या बारीक सुया टोचल्या. लहानपणी सोनारानं कान टोचले होते, त्या मानानं हे काहीच नव्हतं. सुया काढल्यावर त्यांनी कानावर चिकटपट्टीनं बारीक मणी लावले. मोहरीएवढे! मळमळलं की दाबायचे.

मी विसरेन म्हणून नवऱ्यानं फोनवर गजर लावला. घरूनच काम करायचा. मीटिंगमध्ये गजर झाला की काचेच्या दारातून मला दिसेल असा स्वतःचा कान चिमटीत धरून दाखवायचा. त्याच्या ऑफिसातल्यांना काय वाटत असेल, देव जाणे. कित्येक आठवड्यांनी मी हसले.

मळमळ साफ गेली नाही. यायची, पण मणी दाबले की बऱ्याचदा ओसरायची. मण्यांमुळे की गोळ्यांमुळे, मला ठाऊक नाही आणि भांडायचीही इच्छा नाही.

केमोनंतर तिसऱ्या दिवशी गॅरेजच्या दाराखालून हिंगाचा वास आला. हात सवयीनं कानाकडे गेला, पण मळमळलं नाही. भूक लागली होती. चक्क भूक!

मी दार उघडलं. वरणावर नुकतीच फोडणी पडली होती. मला पाहून त्यानं घाईघाईनं पातेल्यावर झाकण टाकलं. "अगं, आत जा, वास येईल!"

"येऊ दे," मी म्हटलं. "पाचवीची तारीख कधीची दिलीय?"

गॅस बंद करून त्यानं तारीख सांगितली. ती त्याला पाठ होती.

पातेलं त्यानं आत आणलं. झाकण मी काढलं.