चुलीनं दिलेली मुलाखत

माझी मुलगी गणितात एम.एस्सी. झाली आणि आता पीएच.डी. करायची म्हणाली. विषय काय, तर जाळ. मोठ्या इंजिनांत, बॉयलरमध्ये जाळ नीट जळता जळता मध्येच थरथरतो, गुरगुरतो, कधी यंत्रच फोडतो. तो असं कधी करील ते गणितात मांडायचं. दूरच्या एका कॉलेजात त्यासाठी एकच जागा निघाली होती. शिकायचे वरून पैसे देतात हे ऐकून जाऊबाईंनी तिच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

मुलाखत मोबाईलवर होती. आमच्या घरात रेंज येते ती फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीशी, चुलीजवळ. मुलीनं मोबाईल लोणच्याच्या बरणीला टेकवला आणि मला ताकीद दिली, "आई, तू मोबाईलसमोर येऊ नको अन् मोठ्याईले बोलू देऊ नको."

पहिलं सोपं होतं. अनोळखी माणूस दिसलं की मी दाराआडच जाते. वरठीच्या स्टेशनवर तिकीट मागायलाही मला नवरा लागतो. दुसरं माझ्या हातात नव्हतं. जाऊबाईंना गप्प बसवणं आजवर कोणाला जमलेलं नाही.

ऐन त्या सकाळी गॅस संपला. नवरा ड्युटीवरून येण्याच्या बेतात होता, म्हणून चुलीवर भाताचं आधण ठेवलं आणि मी धान साठवायच्या ढोलीआड दडून बसले. मोबाईलमधले सर इंग्रजीत विचारत होते, मुलगी फाडफाड सांगत होती.

आणि चूल हसली. जाळ फुरफुरायला लागला की आमच्याकडे चूल हसली म्हणतात, आणि चूल हसली की पाहुणे येणार.

जाऊबाई अंगणातून ओरडल्या, "लहाने, चूल हासून राहिली! तांदूळ वाढव वो, पाहुणे येऊन राहिले!"

"मोठ्याई, चूप!"

"मले काहून चूप करतं? चुलीले कर!"

मोबाईलमधल्या मॅडमनी विचारलं, "कौन हँस रहा है?"

"मॅडम, हमारा चूल्हा," मुलगी पुटपुटली.

जागा गेली, मला वाटलं. पण सर काहीतरी बोलले आणि मुलीनं मोबाईल चुलीकडे फिरवला. आवाज का येतो आणि तू तो बंद कसा करशील, असं त्यांनी विचारलं होतं. झोक्याला नेमक्या वेळी धक्का दिला की तो चढत जातो, तसं जाळ आणि हवा एकमेकांना ढकलतात, हे मुलीनं मला नंतर समजावलं. तेव्हा एवढंच म्हणाली, "आई, मधलं लाकूड ओढ. एवढ्यानं बंद होते."

म्हणजे मोबाईलसमोर जायचं. मी हललेच नाही.

"आई!" तिचा आवाज रडवेला झाला.

मी तोंडापुढे सूप धरलं, तशीच सरकत गेले आणि चाचपून लाकूड ओढलं. चूल आणखी जोरात हसली.

"पाहुणे आल्याबिगर थांबत नाही ते," म्हणत जाऊबाई आत आल्या आणि मोबाईलमध्ये डोकावल्या. "हे काय, आले ना! राम राम जी. आता जेवूनच जा."

तिकडे सगळे हसत सुटले. हसू ओसरल्यावर सरांनी विचारलं, तुझं उत्तर का चुकलं? मुलगी म्हणाली, माहीत नाही, शोधावं लागेल. सर म्हणाले, त्यासाठीच तर जागा काढली आहे.

जागा तिला मिळाली. पाहुण्यांसाठी वाढवलेला भात आम्हाला संपवावा लागला.

परवा तिचा फोन आला, सरांना चुलीचं हसणं रेकॉर्ड करून हवं आहे. मी मोबाईल धरून बसले, पण चूल काही हसेना.

"पाहुणाच नाही त कायले हासंल?" जाऊबाई म्हणाल्या. शेवटी कंटाळून त्यांनीच मोबाईलला तोंड लावून फुर्र फुर्र केलं आणि पाठवून दिलं.

संध्याकाळी मुलीनं व्हिडिओ कॉल केला. "आई, सर म्हणतात असा जाळ कधी ऐकला नाही. लाकूड कोणतं होतं?"

मी सूप शोधलं आणि तोंडापुढे धरलं.