पट्टी पकडल्याची शिक्षा

"हिला मैदानावर घ्या. डोक्याचं काम हिच्यानं व्हायचं न्हाई."

असे म्हणून सरांनी शिष्यवृत्तीच्या यादीतले माझे नाव खोडले. आठवीचा वर्ग, तलवाड्याजवळची शाळा. सगळ्यांसमोर.

घडले ते क्रमाने सांगते. विज्ञानाच्या तासाला सर वरून पट्टी सोडत. खाली अंगठा आणि बोट उघडे ठेवून ती पकडायची. जितकी कमी निसटेल, तितकी प्रतिक्रिया जलद. गावच्या पुढाऱ्याच्या मुलाच्या हातून अर्धी पट्टी गेली. माझ्या हातून चार बोटेही गेली नाही. पुन्हा सोडली. पुन्हा तेच.

"फसवतीस व्हय गं?"

"न्हाई सर. तुमच्या बोटाकडं बघते. मेंढी पळायच्या आधी तिचा कान हलतो, तसं."

पुढाऱ्याचा मुलगा ओरडला, "सरांला मेंढी म्हनली बे ही!"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी यादी ओढली.

मी खरे तेच सांगितले होते. आम्हा मेंढपाळांत लहानपणापासून हेच शिकवतात: पाय पाहू नको, कान पाहा.

दुसऱ्या दिवशी आबांना बोलावणे गेले. मेंढरे चुलत्यावर सोपवून ते आले. खांद्यावर घोंगडी. उंबऱ्याच्या बाहेरच थांबले. मी काय केले, हेही त्यांनी विचारले नाही. हात जोडले.

"लेकरू हाय, चुकलं. तुमी म्हणताल तसं, गुरुजी."

लांडग्यापुढे मागे न सरलेला माझा बाप.

"आबा, हात खाली घ्या. मी न्हाई चुकले." मग मी सरांकडे वळले. "सर, नाव कावून खोडलं, ते लिहून द्या."

सरांनी लिहून दिले नाही. मला परीक्षेला बसवलेही नाही. खो-खोच्या संघात घेतले. नाव खोडून दिलेला खेळ नको, म्हणून मी एकदाही मैदानात उतरले नाही. खेळ मला आवडायचा. तोही त्यांनी हिरावला.

डोळा पाहतो, मेंदू ठरवतो, त्यानंतरच हात हलतो. हे सरांच्याच पुस्तकात होते.

आज मी शिक्षिका आहे. आबा डबा घेऊन येतात, पण फाटकाबाहेरच उभे राहतात. कितीही विनवले तरी आत येत नाहीत. ते मी दुरुस्त करू शकले नाही.

निवडीच्या बैठकीत कुणी एखाद्या लेकराचे नाव कापू लागले, की मी कोरा कागद पुढे सरकवते. कारण लिहा. खाली सही करा. लोक वैतागतात, घड्याळ दाखवतात.

सही होईपर्यंत मी उठत नाही.