मकरंदची मूठ

रविवारी दुपारी अडीच वाजता सुनेत्रा अर्ज उशाशी ठेवून आडवी होते. दहा मिनिटं पाठ टेकायची, मग सही करायची आणि पाचच्या आत अर्ज केंद्रावर नेऊन द्यायचा, असं ठरलेलं आहे. अर्ज जुईचा आहे, गाण्याच्या पहिल्या परीक्षेचा; तिला शिकवते सुनेत्रा, म्हणून तयारी झाल्याची सही तिची. जुई साडेसहा वर्षांची, सुनेत्राच्या धाकट्या भावाची मुलगी. भावाला, मकरंदला, जाऊन सहा महिने झाले.

सकाळी जुईने तिच्या घरी भूप नीट म्हटला. सूर जागच्या जागी होते. हाताने ताल द्यायची वेळ आली तेव्हा मात्र तिने डावा हात फ्रॉकमागे नेला आणि तिथे अंगठ्याने बोटांची पेरं मोजली. सुनेत्राने ते पाहिलं.

"झाली ना तयारी, ताई?" जुईच्या आईने, प्राचीने, विचारलं. "वर्षश्राद्धापर्यंत सर्टिफिकेट येईल. ह्यांच्या फोटोखाली लावू."

"झालीये," सुनेत्रा म्हणाली.

ती पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. न मोजलेला आकडा तिने आजवर कधी लिहिलेला नाही.

वरचा पंखा दर फेऱ्याला एकदा कुटकन वाजतो. तो मोजत डोळे मिटायची तिला सवय आहे. पाच, सहा, सात, आठ. नववा आवाज येत नाही. पंखा फिरतो आहे, वारा लागतो आहे, पण आवाज नाही.

"नववी मात्रा, खाली आहे ही," शेजारून कोणीतरी म्हणतं. "इथे टाळी नसते."

पलंगाच्या कडेवर मकरंद बसला आहे. अंगात ऑफिसचा पट्ट्यांचा शर्ट, पण पाय जमिनीला टेकत नाहीत.

"सरक जरा."

ती सरकते. "तू गेलास ना रे?"

"गेलो. चहा करणार असशील तर थांबतो."

ती उठायला जाते आणि पलंग हिसका देतो. ती एसटीच्या बाकावर आहे. दोन वेण्या, मांडीवर हात. पुढच्या बाकावर वडिलांचा मानेपर्यंत उतरलेला टोपीचा काठ दिसतो. खिडकीबाहेर रस्ता नाही, प्रयोगशाळेची फळी आहे. पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या एकामागून एक सरकतात, प्रत्येकीवर चिठ्ठी, आणि सगळ्या मिळून हलक्या आवाजात षड्ज धरून आहेत.

"कोल्हापूरची परीक्षा," मकरंद म्हणतो. तो आता सहा वर्षांचा आहे, पण आवाज मोठ्या माणसाचा. "आठवते?"

"न आठवायला काय झालं?"

तिला आठवतं. गुरुजींनी तिला विचारलं होतं, कारण रोज त्याची तालीम तीच घ्यायची: मकरंदची तयारी झाली का गं? दोघांची मिळून वडील एकच खेप करणार होते. तो नाही तर तीही नाही. ती दहा वर्षांची होती आणि 'हो' म्हणाली होती.

"हात दे," ती आता म्हणते, आणि स्वतःचेच शब्द ऐकून दचकते. तिच्या बोटांत वडिलांच्या पोस्टातली, ओली केली की शाईसारखी उमटणारी कॉपिंग पेन्सिल आहे. ती टोक जिभेला लावते. कडू. त्याची चिमुकली बोटं उघडून प्रत्येकाच्या बुडाशी ती खूण करते. करंगळीवर ठिपका, ती सम. अनामिकेवर ठिपका. मधल्या बोटावर शून्य, ती खाली. तर्जनीवर ठिपका. एका बोटाला चार मात्रा, चार बोटांत तीनताल.

"हे मी विसरलेच होते," ती म्हणते.

"हो. तू विसरलीस."

एसटी थांबत नाही, पण ते उतरलेले आहेत. शाळेचा लांब व्हरांडा, आणि त्याला प्रयोगशाळेच्या पांढऱ्या फरशा. टोकाला एक बंद दार. दारामागे कोणाचं तरी खोकणं. मकरंद तिच्यापुढे उभा आहे, दोन्ही मुठी मांडीला चिकटवून.

ही गोष्ट तिला तोंडपाठ आहे. घरात सगळ्यांनाच आहे. मकरंद परीक्षकांपुढे मुठी आवळून उभा राहिला, ताल दाखव म्हटलं तरी हात उघडेना, तोंडातून शब्द फुटेना. गाणं त्याच्या रक्तात नाहीच, असं मग ठरलं. त्याच्या लग्नात सुनेत्राने ती गोष्ट माईकवरून सांगितली होती, मुठी आवळून, गाल फुगवून. मांडव हसला. तोही हसला होता.

"नक्कल छान करायचीस," तो म्हणतो.

"मग तेव्हा घाबरला नव्हतास?"

"घाबरलोच होतो. पण तू म्हणालीस, दारात नळ आहे, हात धुऊन टाक, कोणाला दिसलं तर कॉपी म्हणतील. मी धुतले."

तो मूठ पुढे करतो. एकेक बोट सोडतो.

हात जांभळा आहे. ठिपके फुटून एकमेकांत गेलेत, रेषारेषांतून रंग उतरलाय, मनगटापर्यंत ओघळलाय. फक्त मधल्या बोटाच्या बुडाशी शून्य जसंच्या तसं आहे.

"धुतलं तर ते वाढलं, ताई."

 सुनेत्रा भिंत धरायला जाते आणि भिंत नाही. प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला ती स्वतः सांगते: हा जांभळा रंग कोरडा असताना काळपट दिसतो, पाणी लागलं की खुलतो, कातडीवरून जात नाही. वीस वर्षं सांगते आहे. पेन्सिलीत तोच रंग, दारात नळ, आणि तो हात. तिने कधी एकापुढे एक मांडून पाहिलं नाही.

"सांगितलं का नाहीस?" तिचा आवाज बाटल्यांमधून येतो.

"तुझा नंबर माझ्या मागे होता. मी हात दाखवला असता तर तुला आत घेतलं असतं?"

"नंतर सांगायचंस. इतकी वर्षं होती."

"नंतर तुझी गोष्ट फार रंगायला लागली."

तो हे टोचून बोलत नाही. म्हणूनच ती त्याच्यासमोर खाली बसते.

"मला दुप्पट लय येत नव्हती," तो म्हणतो. "मी सांगितलंही असतं. पण गुरुजींनी तुला विचारलं. जुईला विचारलंस?"

दार उघडतं. आतून कोणीतरी नाव वाचतं, "जुई मकरंद पाटणकर." व्हरांड्याच्या टोकाला एक लहान मुलगी उभी आहे. डावा हात फ्रॉकमागे.

मकरंद आपली मूठ सुनेत्राच्या हातात ठेवतो. ती गरम आहे, आणि ओली.

फोन वाजतो आहे. पंखा कुटकुट करतो आहे. चार वाजायला दहा मिनिटं आहेत आणि सुनेत्राची उजवी मूठ इतकी घट्ट मिटलेली आहे की डाव्या हाताने सोडवावी लागते. करंगळी स्वच्छ. अनामिका स्वच्छ. मधल्या बोटाच्या बुडाशी जांभळं शून्य.

ती उशाशी पाहते. अर्जावर निळं बॉलपेन आहे, टोपण लावलेलं. तशी पेन्सिल या घरात कधीच नव्हती. जीभ कडू आहे.

ती फोन उचलते.

"ताई, केली का सही?"

"जुईला दे जरा."

खरखर होते, मग श्वास ऐकू येतो.

"जुई, तुला परीक्षेला जायचंय?"

"बाबांच्या फोटोला लावायचंय ना?"

"ते राहू दे. तुला जायचंय का?"

 मग अगदी हळू, "मला दुप्पट येत नाही, आत्या. मी मागे हात लपवून मोजते. तू रागावशील?"

"नाही. मला दिसलं होतं. आईला दे."

प्राची फोनवर येते.

"यंदा नको," सुनेत्रा म्हणते. "तयारी झालीये म्हटलं ते खोटं होतं. मलाच हवं होतं ते सर्टिफिकेट."

"पण ताई, ह्यांच्या..."

"तुमच्या लग्नात मी एक गोष्ट सांगितली होती. मुठींची."

"हो की. हे स्वतःसुद्धा सांगायचे."

"ती तशी नव्हती. संध्याकाळी येते. जुईसमोरच सांगेन."

फोन ठेवून ती मोरीत जाते. पाण्याने काय होणार हे तिला माहीत आहे. तरी ती नळ सोडते आणि हात धरते. शून्य आधी गडद होतं, मग त्याची कड फुटते, रंग तळहाताच्या रेषांत उतरतो, मनगटाकडे येतो. ती हात काढून घेत नाही.