कानाखालचा आवाज

कुणी चिडलं की म्हणतं, "कानाखाली आवाज काढीन." म्हणणारे ढीगभर, काढणारे थोडे. बारकीच्या घरी मात्र ही धमकी नव्हती, ते रोजचं काम होतं. बाबा सकाळी चहा पिता पिता सांगायचे, "आज दोन गाणी आणि तीन कानाखालचे आवाज." बारकीचा चहा मग तसाच निवून जायचा.

'तीन करडं' हे गाणारं कार्टून याच घरात, घरातल्याच माणसांनी बनवलेलं. चित्रं आधी बाबा आणि मोठा झाल्यावर दादा काढायचा, आई स्वयंपाकघराच्या टेबलावर ती रंगवायची, बाबा चाली बांधायचे आणि टेप चालवायचे. करडांचा तो किणकिणता आवाज म्हणजे काही जादू नव्हती. गाणं अर्ध्या वेगात, शब्द ताणून ताणून गायचं आणि टेपचा खटका वर करून दुप्पट वेगाने वाजवायचं. माणसाचं करडू तयार.

प्रत्येक भागात थोरलं करडू धाकट्याला थोबाडीत मारायचं आणि धाकटं सुरात रडायचं. बाबा त्याला 'रडगाणं' म्हणायचे. बघणारी पोरं त्यावरच हसून हसून लोळायची. आता थोबाडीतला आवाज आणायचा कुठून? बाबांनी टाळी वाजवून पाहिली, भिजवलेल्या कणकेवर हात आपटून पाहिला. खटका वर केला की सगळं टिचकीएवढं व्हायचं. मग एकदा आठ वर्षांच्या दादाने रंगाची बाटली सांडली, बाबांनी त्याच्या कानाखाली ठेवून दिली आणि टेप नेमकी चालू राहिली होती. तो आवाज असा काही उतरला की बाबांनी पोराला उचललं, त्याचा मुका घेतला आणि पुन्हा मारलं.

दादाचा आवाज फुटेपर्यंत तो मायक्रोफोनपुढच्या स्टुलावर बसून मार खात रडला. उतरला तेव्हा उजव्या कानाने ठार बहिरा होता. मग बारकीला चढवलं.

"रड, पण लांबवून रड," बाबा बजावायचे. मार खाल्लेलं पोर आधी भराभर हुंदके देतं. दुप्पट वेगात त्याचा नुसता चिवचिवाट होतो, कामाचा नाही. म्हणून बाबा थांबायचे. हुंदके सरून लांब सूर लागला नाही तर दुसरी बसायची. ओठ फुटला तर बाजू बदलायचे, पण गाणं पुरं करायचे. आई पाठ फिरवून रंगवत बसायची आणि म्हणायची, "मला बाई संगीतातलं काही कळत नाही." न कळायला काय झालं होतं? भिंतीपलीकडे पोटची पोर ओरडत होती.

बारकी हुशार. दोन वर्षांत मार न खाता लांबवून रडायला शिकली आणि तिची सुटका झाली. सुटका कसली म्हणा, स्टूल काही सुटलं नाही. चाळीस वर्षं तिन्ही करडांचा आवाज तिचाच होता. बाबा गेले, आई गेली, कारभार दादाकडे आला. आणि यंदा बारकीच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, गाणं बंद.

दादाने एक दिवस वाया घालवला नाही. दुसऱ्याच दुपारी तो नातीला घेऊन आला. सात वर्षांची ठकी, पुढचे दोन दात पडलेले. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या टेपच्या खोलीत शिरताच उडी मारून स्टुलावर बसली.

बारकीने बसल्या जागेवरून मायक्रोफोन बाजूला सारला. "दादा, गाणी गाऊ दे हवं तर. रडगाणं नको. थपडांचे हजार आवाज विकत मिळतात आता."

"त्यात रडणं मिळत नाही," दादा म्हणाला. "आणि एका थपडेने कोण मरतं? आपण मेलो का?"

"तुझा कान मेला."

"कान गेला, पण घर उभं राहिलं." त्याने टेप सुरू केली, मायक्रोफोन ठकीच्या तोंडाशी ओढला आणि बारकी उठायच्या आत पोरीच्या गालावर सणसणीत वाजवली. ठकीचं डोकं बाजूला फिरलं. भराभर हुंदके सुरू झाले.

"लांबव," दादा म्हणाला आणि हात पुन्हा उचलला.

मायक्रोफोनचा लोखंडी दांडा बारकीच्या हातात कधी आला तिलाच कळलं नाही. तो तिने दादाच्या उचललेल्या हातावर घातला. हाड मोडल्याचं तिला ऐकू आलं. दादाने डाव्या हाताने तिचे केस धरून तिला टेबलाच्या कडेवर आपटलं. तिची भुवई फाटली. ती त्याच्या मनगटाला चावली, रक्त लागेपर्यंत सोडलं नाही, आणि दांडा पुन्हा त्याच्या खांद्यावर, पाठीवर, गुडघ्यावर. चाळीस वर्षांचं साचलेलं होतं, ते एकदम बाहेर पडलं. दादा खाली पडून गुरासारखा ओरडायला लागला.

तेवढ्यात मागून खटक्याचा आवाज आला. ठकीने टेप मागे नेली होती आणि मोठ्यांना बघून शिकली होती तसा खटका वर केला होता. खोलीत करडं ओरडायला लागली. आजोबाचं करडू, आजीचं करडू, ठण ठण ठण. गालावर पाच बोटं उठलेली ती पोर हसायला लागली.

"बारकी आजी, आजोबांना आणखी एकदा मार ना. मस्त आलंय."

 बारकीने हातातला दांडा टाकून दिला. पोरीला मारातून ओढून काढलं, पण पोर तर हसत होती. बारकीने टेप पुन्हा मागे नेली, खटका खाली केला आणि लावली.

थप्पड. मग एका लहान मुलीचे हुंदके, आहेत तसे. मग मोडलेलं हाड, आणि एका म्हाताऱ्याचं गळा फाडून ओरडणं.

ठकीचं हसू थांबलं. "ही कोण रडतेय?"

"तू," बारकी म्हणाली.

दादाने कसाबसा डावा कान यंत्राकडे वळवला. बाबांनी त्याला त्याचं रडणं शेकडो वेळा ऐकवलं होतं, पण दर वेळी करडाचं करून. टेपवर साध्या वेगातलं रडणं तो आज पहिल्यांदाच ऐकत होता.

"बंद कर, बारके."

"नाही. पूर्ण ऐक."

ती खटक्यावर हात ठेवून उभी राहिली. टेप संपेपर्यंत दादा मोडका हात पोटाशी धरून तिथेच पडून होता. मग तो ठकीकडे न बघता म्हणाला, "हिला घरी ने. परत आणू नकोस." बारकीने पोरीला कडेवर घेतलं, आणि तिच्या खांद्यावर तोंड खुपसून ठकी रडायला लागली, भराभर, जसं रडू येत होतं तसं.