वजन उतरलं, गोळी तीच

"काका, तुमचं बीपी कमी झालंय," डॉक्टर म्हणाले. मी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या यंत्राकडे. इतकी वर्षं मी बीपी जास्त असल्याची गोळी खातोय, ते कमी कसं होईल?

सकाळी फिरायला निघताना वाकून बुटाची नाडी बांधली, उभा राहिलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्धीवर आलो तेव्हा व्हरांड्यात आडवा होतो. पहिल्यांदा आठवले ते बाबा. माझ्याच वयात त्यांना लकवा झाला आणि उरलेलं आयुष्य त्यांनी खाटेवर काढलं. मी घाबरून बोटं हलवून बघितली. हलली, तरी विश्वास बसेना.

खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालो तेव्हा मी चांगलाच जाडजूड होतो. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं आणि माझ्या बायकोनं, सुनंदानं, ते मनावर घेतलं. सावजी रस्सा बंद, तर्री-पोहे बंद, ताटातलं मीठही गायब. अंग इतकं उतरलं की ओळखीचे लोक शुगर झाली का विचारू लागले. मी आपला ऐटीत. बीपीची तपासणी तेवढी राहून गेली.

दवाखान्यात ईसीजी झाला, रक्त घेतलं, डोक्याचा सीटी स्कॅन काढला. रिपोर्टची वाट बघत बाकावर बसलो. नर्सनं मला मीठ-साखरेचं पाणी पाजायला सांगितलं, तर सुनंदा ग्लास धरून उभीच राहिली.

"कालपर्यंत मीठ जहर होतं, अन् आज पाजा म्हणता?" तिनं नर्सला विचारलं. "मंग मी इतके दिवस काय करून राहिली होती?"

रिपोर्ट चांगले निघाले. डॉक्टरांनी नाव सांगितलं पोस्चरल हायपोटेन्शन, म्हणजे उभं राहताच बीपी एकदम घसरणं. वजनाबरोबर बीपीही उतरलं होतं, गोळी मात्र जुन्याच ताकदीची चालू होती. मग आता बंद करू का, मी खुशीत विचारलं.

"वजन उतरलं काका, वय नाही उतरलं," ते म्हणाले.

वयानं रक्तवाहिन्या कडक होतात, त्यामुळे बीपी वाढायला बघतं. आणि वयानंच उठल्यावर बीपी सावरायला वेळ लागतो, म्हणून ते घसरतंही. हे दोन्ही एकाच माणसात कसं होतं, ते मला अजून पुरतं उमजलेलं नाही. गोळी निम्मी झाली, एवढं कळलं. तुमचंही वजन बरंच उतरलं असेल तर बीपी दाखवून या. गोळी मात्र आपल्या मनानं सोडू नका.

झोपेतून उठल्यावर पाय खाली सोडून थोडं बसायचं, मग उभं राहायचं, असं मला सांगितलंय. बाबांसारखं होईल ही भीती गेलेली नाही. पलंगाच्या काठावर ती जास्तच वाटते. सुनंदा शेजारी येऊन बसते, माझा हात धरते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सकाळचे आम्ही दोघं असे नुसते कधी बसलो नव्हतो. मी उठू का विचारतो.

"बसा न जी," ती म्हणते. "कोणती गाडी सुटून राहिली?"